संगणकाला निलंबित करता येत नाही

वाशीमला सापडलेली अनुदानाची एक नोंद सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीची आहे आणि तिच्यात पोलिसांचाही उल्लेख आहे. उल्लेख एवढाच, की त्यांनी इकडे फिरकायचे नाही. १९३९ साली उजेडात आलेला हा ताम्रपट वाकाटक राजा दुसऱ्या विंध्यशक्तीचा. कारकिर्दीच्या सदतिसाव्या वर्षी त्याने वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, नांदेडकडचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले आणि दानाला सवलतींची लांबलचक यादी जोडली. पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशींनी लावलेल्या अर्थाप्रमाणे या गावात जिल्ह्याच्या पोलिसांनी शिरायचे नाही, सैनिकांनी शिरायचे नाही, मिठासाठी जमीन खणायची नाही, आणि खाटा, पाण्याचे घडे व नोकर पुरवण्याचे बंधनही गावावर नाही. ताम्रपटातली वंशावळ संस्कृतात आहे आणि प्रत्यक्ष हुकूम प्राकृतात. पूर्वपीठिका साहेबाच्या भाषेत आणि काम गावाच्या भाषेत, ही रीत पुढे इंग्रजी पत्रशीर्षाखालच्या मराठी परिपत्रकाने चालू ठेवली. गंमत म्हणजे यातल्या बऱ्याच सवलती दक्षिणेकडच्या पल्लवांच्या प्राकृत ताम्रपटांतही जवळपास त्याच शब्दांत भेटतात. मागच्या आदेशाचा मजकूर उचलायचा आणि नाव-गाव तेवढे बदलायचे, या कलेचा शोध संगणकातल्या कॉपी-पेस्टने लावला, असा जो समज आहे तो त्यामुळे टिकत नाही.

सोळाशे वर्षांत फरक पडला तो असा, की आता पोलीसच अनुदानावर आहेत. अनुदान म्हटले की सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे ठिबक सिंचनाचा संच येतो, नाहीतर अनुदानाची वाट बघत निवृत्तीला आलेला शिक्षक येतो. सरकारी हिशोबात मात्र विधिमंडळाने मंजूर केलेला प्रत्येक रुपया अनुदानच. आणि लेखा शाखेत त्याला कोणी अनुदान म्हणत नाही. तिथे ती 'ग्रँट' असते. कोरडवाहू सोयाबीनच्या वाशीम जिल्ह्यात ग्रँटची क्रियापदेही पावसाची आहेत. ती पडते, लांबते, हुलकावणी देते, आणि सगळ्यांना नकोशी झाल्यावर एकदम कोसळते. राज्याच्या अर्थसंकल्पात पोलीस प्रशासनाची मागणी बी-१, मुख्य लेखाशीर्ष २०५५. या खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटी पानागणिक एक आकडा: ०१ म्हणजे वेतन, ०६ म्हणजे दूरध्वनी, वीज व पाणी, ११ प्रवास, १३ कार्यालयीन खर्च, १७ संगणक खर्च, २४ पेट्रोल, तेल व वंगण, ५० इतर खर्च, ५१ मोटार वाहने. एका पानाचा रस दुसऱ्या पानात परस्पर जात नाही. २४ कोरडे पडले आणि ०६ मध्ये पैसे शिल्लक असले, तरी जीप दूरध्वनीवर चालवता येत नाही; त्यासाठी पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव वर पाठवावा लागतो आणि तो मंजूर होईपर्यंत जीप आध्यात्मिक अवस्थेत उभी राहते. खुद्द संगणकाची गत पाहा. तो आला १७ मधून, त्याच्यापुढची खुर्ची १३ मधून आणि त्याला लागणारी वीज ०६ मधून. तिन्ही पाने एकाच वेळी हिरवी असतील तेव्हाच तो काम करताना दिसतो.

पोलीस खात्याचा पिंड संशयाचा. समोरच्याने नाव सांगितले तरी ते दोनदा विचारायचे, हे तिथले पहिले शिक्षण. पण अधीक्षक कार्यालयाच्या लेखा शाखेत पाऊल टाकले की हेच खाते आरोपीच्या जागी असते. विधिमंडळाचा वित्त विभागावर, वित्त विभागाचा गृह विभागावर, गृह विभागाचा महासंचालक कार्यालयावर, महासंचालक कार्यालयाचा जिल्ह्यावर आणि जिल्ह्याचा ठाण्यावर जो अविश्वास असतो, त्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक नोंदवही ठेवलेली आहे. कोषागार विचारते, हे बिल कशाचे? नागपूरचे महालेखापाल विचारतात, तुमच्या वहीतला खर्च आणि आमच्या वहीतला खर्च जुळत का नाही? मग ताळमेळ घ्यायला माणूस जातो आणि प्रमाणक क्रमांक जुळवत बसतो. ज्या खात्याने दिवसभर इतरांचे जबाब घेतले, ते संध्याकाळी स्वतःचा जबाब देत असते, आणि त्याच्या जबाबावरही कोणी पहिल्या झटक्यात विश्वास ठेवत नाही. यात कोणाचा अपमान नाही. सार्वजनिक पैशाची नोंद ही मुळातच व्यवस्थित, तारीखवार, सही-शिक्क्याने केलेली अविश्वासाची नोंद असते. एवढे मान्य केले म्हणजे या कामात संगणकाने काय केले आणि काय त्याला जमणार नाही, हे नीट दिसू लागते.

त्याने काय केले ते आधी सांगितले पाहिजे, कारण कचेरीतल्या संगणकाची टिंगल करणे फार सोपे आहे आणि म्हणूनच ती सगळे करतात. कागदाच्या काळात अनुदान वाटपाचे पत्र टपालाने निघे. ते पोचण्याआधीच खर्च झालेला असे, किंवा खर्च झाल्यानंतर कळे की ग्रँट तेवढी नव्हतीच. मंजुरीपेक्षा जास्त पैसे गेल्याचे काही महिन्यांनी लेखापरीक्षणात उघड होई आणि तोपर्यंत संबंधित अधिकारी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात, संबंधित बाबू दुसऱ्या टेबलावर आणि संबंधित जीप भंगारात गेलेली असे. वित्त विभागाच्या बीम्स या प्रणालीने हे थांबवले. वरून वाटलेली रक्कम आहरण व संवितरण अधिकाऱ्याच्या नावावर दिसते. बिल करायचे तर आधी प्रणालीतून प्राधिकारपत्र काढावे लागते. आणि त्या शीर्षात शिल्लक नसेल तर ते निघत नाही. पगाराची बिले सेवार्थ या प्रणालीवर गेली. या सगळ्याचा खरा लाभ वेगाचा नाही, नकाराचा आहे. मराठी माणसाला 'नाही' म्हणणे जमत नाही आणि वऱ्हाडी माणसाला तर त्याहून जमत नाही. तो 'पाहू ना जी' म्हणतो. ठाणेदाराने फोनवर विचारावे, "बडे बाबू, डिझेलच्या बिलाचं काय झालं?" आणि लेखा शाखेने "पाहू ना साहेब" म्हणावे, यात पूर्वी तीन आठवडे जात आणि तीन आठवड्यांनी संबंध बिघडत. आता उत्तर तयार आहे: "बीम्सवर ग्रँटच नाही ना साहेब." साहेबांना राग येतो, पण कोणावर काढावा ते कळत नाही. कनिष्ठाने वरिष्ठाला नकार देण्याची आणि नोकरी शाबूत ठेवण्याची ही पहिली सोय या खात्यात झाली असेल.

मग प्रश्न येतो तो असा: संगणक एवढा खंबीर निघाला, तर शेजारच्या कपाटातली अनुदान नोंदवही अजून का जिवंत आहे? बीम्सवरचे प्राधिकारपत्र छापायचे, छापील कागदावर सही करायची, सहीवर शिक्का मारायचा, त्याची नोंद वहीत घ्यायची, वहीतल्या नोंदीवर पुन्हा आद्याक्षरी करायची, हा सोहळा पाहून बाहेरच्या माणसाला हसू येते. त्याला वाटते, ही सवय आहे. जुने बाबू निवृत्त झाले, एमएस-सीआयटी झालेली पोरे आली की वही आपोआप जाईल. पण पोरे येऊन बराच काळ लोटला आणि तीही आता वही लिहितात, तीही लाल शाईने बेरीज करतात. नवा माणूस जुन्या जागी बसला की जुन्यासारखा वागतो, एवढ्यावर हे सोडून देता येणार नाही. सवय पिढीबरोबर जाते. जी गोष्ट पिढी बदलूनही राहते, तिला काहीतरी काम असते.

ते काम कोणते, याचा पुरावा पोलिसांच्याच कायद्यात आहे. संगणकातली नोंद न्यायालयात द्यायची तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे कोणा जबाबदार माणसाचे सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलम ६५बचे ६३ झाले, आणि आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: भाग अ नोंद सादर करणाऱ्याचा, भाग ब तज्ज्ञाचा. तंत्रज्ञान पुढे गेले तशी सह्यांची संख्या एकावरून दोनवर गेली. (१ जुलै ही वाशीम जिल्ह्याचीही जन्मतारीख. १९०५ साली इंग्रजांनी जुना बासीम जिल्हा मोडून त्याचा बराचसा भाग अकोल्यात घातला, तो जिल्हा १९९८ साली परत मिळाला. व्यपगत झालेली ग्रँट त्र्याण्णव वर्षांनी पुन्हा वितरित होण्याचे हे उदाहरण लेखा शाखांनी भिंतीवर लावावे, धीर येतो.) यंत्र खोटे बोलते असे कायद्याला म्हणायचे नाही. यंत्र खरे बोलले तरी त्याची उलटतपासणी करता येत नाही, शपथ घालता येत नाही आणि खोटे ठरल्यावर तुरुंगात टाकता येत नाही. साक्षीदार म्हणून संगणक उत्तम. फितूर होत नाही, घाबरत नाही, 'आता आठवत नाही' म्हणत नाही. परंतु दोषी म्हणून तो निव्वळ निरुपयोगी आहे. हिशोबात घोळ निघाला तर कारणे दाखवा नोटीस कोणाला द्यायची? विभागीय चौकशीत समोर कोणाला उभे करायचे? संगणकाला निलंबित करता येत नाही, त्याची वेतनवाढ रोखता येत नाही, त्याला मानोरा तालुक्याला बदलता येत नाही. त्या छापील कागदावरची सही माहितीसाठी नसते. माहिती तर आधीच आत आहे. सही म्हणजे घोळ झाल्यास कोणाला धरायचे त्याचा पत्ता.

यावर शहरी वाचकाचा आक्षेप तयार आहे, की डिजिटल सही आहे, लॉगिन आहे, पासवर्ड आहे, कोणी काय केले ते यंत्र सेकंदासह सांगते. मग पत्ता सापडत नाही कसा? सापडतो, पण ज्याने लॉगिन केले त्याचा नव्हे, ज्याच्या नावाने लॉगिन आहे त्याचा. पासवर्ड साहेबांचा, बोटे बाबूंची, ही विभागणी महाराष्ट्रातल्या कोणत्याही कचेरीत आश्चर्याची नाही. साहेब बंदोबस्तावर असतात आणि बिल आज जायला हवे असते. बीम्सचा, सेवार्थचा, जिल्हा नियोजन समितीच्या निधीसाठी आय-पासचा, खरेदीसाठी जेमचा, केंद्राच्या पैशासाठी पीएफएमएसचा असे पासवर्ड साठत जातात, प्रत्येकाला एक मोठे अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह लागते, आणि त्यातले निम्मे ठरावीक दिवसांनी बदलायचे असतात. माणसाच्या डोक्यात हे मावत नाही. ते नोंदवहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले जातात. म्हणजे ज्या वहीला हटवायला संगणक आला, त्या संगणकाची किल्ली त्याच वहीत ठेवलेली असते. हा वेंधळेपणा वाटेल, पण विचार करा: वही हरवली तर कळते, तिचा पंचनामा होतो, पासवर्ड चोरीला गेल्याचे पासवर्डाला पाहून कोणाला कळले आहे?

वहीच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे ती मराठी अंकांची. शासनाचा व्यवहार मराठीत व्हावा हे धोरण चांगलेच आहे, आणि युनिकोडमुळे वाशीमला टंकलेले पत्र मुंबईला वाचता येऊ लागले, हेही खरे. त्याआधी एका फॉन्टमध्ये लिहिलेले 'सविनय सादर' दुसऱ्या संगणकावर उघडले की कोणी कीबोर्डवर झोपल्यासारखे दिसे. पण एक्सेलच्या तक्त्यात युनिकोडचे १, २, ३ घालून बेरीज मागा. पुष्कळदा तो त्यांना अंक न समजता मजकूर समजतो आणि बेरीज शून्य देतो. जुन्या फॉन्टमध्ये हे होत नसे, कारण तिथे पोटात इंग्रजी अंक असत आणि अंगावर फक्त देवनागरीचा सदरा. वेश घेतलेली मराठी बेरीज बरोबर करायची आणि अस्सल मराठी शून्यावर येते, या घटनेवर भाषातज्ज्ञांनी परिसंवाद घ्यायला हरकत नाही. लेखा शाखेने परिसंवादाची वाट पाहिली नाही. तिथे तक्ता मराठीत, आकडे इंग्रजीत आणि खातरजमा कॅल्क्युलेटरवर होते. बेरीज कॅल्क्युलेटरवर करून संगणकात भरणारा माणूस दिसला की आपण हसतो. वास्तविक तो साक्षीदाराची साक्ष दुसऱ्या साक्षीदाराकडून पडताळून घेत असतो, आणि पोलीस कचेरीत तरी या पद्धतीला हसू नये.

संगणकापुढे एक गोष्ट मात्र हार मानत नाही, ती म्हणजे मार्च. जुन्या ज्योतिर्गणितात लंका-उज्जयिनीच्या मध्यरेषेवर जी गावे मोजली, त्यांत वत्सगुल्माचे नाव आहे. एके काळी काळ मोजायचा तर रेषा वाशीमवरून जाई. आता काळाची रेषा वित्त विभागावरून जाते आणि ती दर ३१ मार्चला रात्री संपते. भारतात १८६७ पर्यंत सरकारी वर्ष मे ते एप्रिल असे. इंग्रजांनी ते आपल्या घरच्या वर्षाशी जुळवून एप्रिल ते मार्च केले. आपण त्यांना घालवले, त्यांचा मार्च ठेवून घेतला. वर्षभर थेंब थेंब पडणारी ग्रँट या महिन्यात धबाबा येते. ती खर्चली नाही तर समर्पित करावी लागते. समर्पण हा शब्द इथे नीट ऐकावा. इतर वेळी याच इमारतीत गुन्हेगार शरण आला तर त्याचे स्वागत होते; मार्चमध्ये ग्रँट शरण गेली तर ज्याच्या हातून गेली त्याची चौकशी होते. आणि पुढच्या वर्षी मागणी केली की वरून विचारणा येते, मागचे तरी कुठे संपवले? त्यामुळे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टोनर, गाद्या, बॅटऱ्या आणि टायर यांची गरज एकाच वेळी तीव्र होते. संगणकाने यात सुधारणा केली नाही असे नाही. पूर्वी ३१ मार्च ही एक अंदाजे तारीख होती, कागदावरची रात्र बरीच लांबवता येई, घड्याळ बंद ठेवण्याच्या आख्यायिका प्रत्येक कोषागाराला चिकटलेल्या असत. आता बारा म्हणजे बारा. गर्दी तेवढीच, फक्त दार वेळेवर बंद होते. त्यात राज्यभरातून एकाच दिवशी एकाच प्रणालीवर सगळे तुटून पडल्यावर पडद्यावरचे ते छोटे चक्र फिरत राहते, आणि बाबू त्याच्याकडे जिल्ह्यातल्याच शिरपूरच्या जैन मंदिरातल्या अधांतरी मूर्तीकडे पाहावे तशा श्रद्धेने पाहत बसतो: आकडा जमिनीला टेकलेला नाही, पण पडलेलाही नाही.

हे दुखणे वाशीममध्ये विशेष जाणवण्याचे एक कारण पंचांगात आहे. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला, बंजारा समाजाच्या काशीला, रामनवमीची मोठी यात्रा भरते. देशभरातून भाविक येतात, बंदोबस्त लागतो, बंदोबस्ताला गाड्या लागतात आणि गाड्यांना शीर्ष २४ लागते. रामनवमी येते चैत्रात, आणि चैत्राला आर्थिक वर्षाची ओळख करून दिलेली नाही. २०२३ साली ती ३० मार्चला आली, म्हणजे जुने वर्ष संपायला एक दिवस उरला असताना. २०२५ साली ६ एप्रिलला आली, म्हणजे नवे वर्ष कागदावर सुरू झाले, पण नवी ग्रँट मुंबईहून पायऱ्या उतरत असेल तेव्हा. २०२४ साली १७ एप्रिलला आली आणि नेमका त्या वर्षी लोकसभा निवडणुकीचा बंदोबस्तही होता. बीम्सला ही अडचण समजावून सांगता येत नाही. तिच्यात वर्ष टाकायला जागा आहे, तिथी टाकायला नाही. इथे जुन्या काळचा लेखापाल आठवतो, जो पेट्रोल पंपाच्या मालकाला भेटून "तुम्ही भरत राहा जी, बिल एप्रिलात काढू" असे तोंडी सांगे. नियमात ते बसत नव्हते आणि बसूही नये. पण गाडी पोहरादेवीला पोचत असे. आजही ती पोचते. त्याअर्थी ते तोंडी वाक्य अजून कोणीतरी म्हणत असणार, आणि ते कुठल्याही प्रणालीत नोंदले जात नसणार.

सगळ्यांत वजनदार आक्षेप सुधारणावाद्यांचा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ते म्हणतात, सह्या आणि वह्या सोडा. संगणकाने पारदर्शकता आणली की नाही? रुपया कुठून निघाला आणि कुठे पोचला हे आता दिसते की नाही? दिसते. संगणकाचे एवढे ऋण मान्यच केले पाहिजे. पण त्याने साक्ष दिली ती विचारलेल्या प्रश्नापुरती. रक्कम मंजूर होती का? होती. त्याच शीर्षातून गेली का? गेली. तारखेच्या आत गेली का? गेली. संपले. वस्तू लागत होती का, आली ती चालली का, चालवणारा कोणी होता का, हे त्याला कोणी विचारलेले नाही. पोलीस दलाच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. तिच्या पैशासाठी उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या प्रमाणपत्राचे नाव वाचून फसू नये. पैसा ठरलेल्या कारणासाठी वापरला एवढेच ते सांगते. उपयोग झाला का, हा रकाना त्याच्यात नसतो. २००९ साली केंद्राने दोन हजार कोटींची सीसीटीएनएस योजना मंजूर केली आणि अनसिंग, आसेगाव, धनजसारख्या ठाण्यांतही गुन्ह्याची नोंद संगणकावर होऊ लागली, हे मोठेच काम झाले. पण तिथला गुन्हा एका प्रणालीत आणि त्या गुन्ह्याच्या तपासाला लागलेले डिझेल दुसऱ्या प्रणालीत. जउळक्याच्या हद्दीत चोरीला गेलेली म्हैस शोधायला किती खर्च आला, हे विचारले तर म्हैस एका पडद्यावर उभी राहील आणि खर्च दुसऱ्या; दोघांची गाठ घालून द्यायला शेवटी ठाण्यातला मोहररच लागेल. वाशीम २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत आहे. महाराष्ट्रातले असे जिल्हे चारच, आणि त्यांची प्रगती आकड्यांवर मोजून क्रमवारी लागते. त्यामुळे आकडे भरण्याचा सराव या जिल्ह्याला इतरांपेक्षा जास्त असावा. आकडा भरला म्हणजे काम झाले, असे मानण्याचा मोहही त्याच प्रमाणात जास्त.

इथे पोलिसांकडूनच शिकण्यासारखे आहे, कारण साक्षीदार आणि तपास अधिकारी यांतला भेद त्यांच्याइतका कोणाला कळतो? साक्षीदाराने पाहिले ते सांगावे. पाहिले ते का घडले, हे शोधायला दुसरा माणूस नेमतात. कोणताही ठाणेदार साक्षीदाराचा जबाब घेऊन थेट दोषारोपपत्र दाखल करत नाही. मग हिशोबाच्या बाबतीतच आपण बीम्सचा पडदा पाहून 'सगळे व्यवस्थित आहे' असे का म्हणावे? मग सगळ्या प्रणाली एकत्र जोडा, असा उपाय कोणी सुचवतात. जरूर जोडाव्यात; बाबूंचे चार पासवर्ड वाचतील. पण चार साक्षीदार एका बाकावर बसवले म्हणून त्यांतून एक तपास अधिकारी तयार होत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे, ती अनुदानाचा हिशोब पाहून संशयास्पद बिले काढून देईल, असेही म्हणतात. देईल. त्या संशयितांची यादी छापली जाईल, तिच्यावर कोणीतरी सही करील, आणि तिची नोंद वहीत घेतली जाईल.

राहता राहिल्या ताम्रपटातल्या त्या खाटा आणि पाण्याचे घडे. अमुक गावाने ते पुरवण्याची गरज नाही, असे राजाला मुद्दाम कोरून ठेवावे लागले, याचा अर्थ बाकीच्या गावांना ते पुरवावे लागत. आज कोणत्याही गावावर असे बंधन नाही; बंदोबस्तावरच्या माणसाच्या निवाऱ्याची आणि पाण्याची सोय सरकारने करायची, त्यासाठी शीर्षे आहेत, प्रणाली आहेत, प्राधिकारपत्रे आहेत. पण यात्रा ग्रँटच्या आधी येते. मग चैत्रातल्या दुपारी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिपायाला शेजारच्या घरातून कोणीतरी हाक मारते, "या ना जी, पाणी घ्या," आणि ओसरीवरची खाट लिंबाखाली सरकवते. वाकाटकांच्या दप्तरात ही सक्ती होती, म्हणून तिची माफी नोंदली गेली. आता सक्ती नाही, त्यामुळे तांब्यावरही नाही आणि बीम्सवरही नाही. नोंदवायचेच झाले तर १३ मध्ये घालायचे की ५० मध्ये, यावर लेखा शाखेत दोन मते पडतील.